बंद म्हणजे रिकामे नव्हे

वैभववाडीच्या बाजारपेठेत सकाळी दुकाने उघडण्याच्या वेळी थोडा वेळ उभे राहावे. एकामागून एक शटर खडखडत वर जाते. दुकानदार कुलपे काढतो, वाकून खालच्या पट्टीला हात घालतो आणि तीन मीटर रुंद, अडीच मीटर उंच असे लोखंडी दार एका दमात डोक्याच्या वर नेतो. तेवढ्याच वजनाचे लोखंड जमिनीवरून उचलायचे असते, तर त्याला शेजारच्या दोघातिघांना हाक मारावी लागली असती. रोज पाहत असल्यामुळे आपल्याला प्रश्न पडत नाही, पण तो वर्गात जरूर विचारावा : शटर उचलतो कोण?

आता हे शटर दुकानापुरते राहिलेले नाही. मुंबईला नोकरी करणारे चाकरमानी गावी घर बांधतात तेव्हा गाडीसाठीही खोली काढतात. तिला शटर, शटरला मोटार आणि मोटारीला रिमोट. गणपतीत आणि मे महिन्यात घर गजबजते, एरवी महिनोन् महिने कुलूपबंद असते. दार बंद, मेन स्विच बंद, रिमोट कपाटात. आता धोका कसला, असे सगळे गृहीत धरतात.

तो समज चुकीचा कसा आहे, हे या लेखात आम्हाला सांगायचे आहे. वीज बंद केली तरी दाराच्या डोक्यावरच्या स्प्रिंगमध्ये ऊर्जा भरलेली असते आणि कपाटातल्या रिमोटच्या सेलमध्येही असते. दोन्ही ठिकाणची ऊर्जा शांत असते, आवाज करत नाही, गरम होत नाही. म्हणूनच देखभाल करताना माणसे तिला विसरतात आणि जखमी होतात. पदार्थविज्ञानाच्या तासाला शिकवलेली 'साठवलेली ऊर्जा' इथे घराच्या दारातच भेटते.

शटर उचलतो कोण?

आधी शटरचे वजन काढू. हे गणित विद्यार्थ्यांकडूनच करून घेण्यासारखे आहे. पोलादाची घनता घनमीटरला सुमारे ७८५० किलोग्रॅम. म्हणजे एक मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर पत्र्याचे वजन ७.८५ किलो. शटरचा पत्रा साधारण १.२ मिलिमीटर जाडीचा धरला तर चौरस मीटरला साडेनऊ किलो होतात. पण शटर सपाट नसते. त्याच्या पट्ट्या बाक दिलेल्या आणि कडेला एकमेकींत अडकवलेल्या असतात, त्यामुळे तेवढ्याच जागेला पत्रा जास्त लागतो. चौरस मीटरला १२ किलो धरू. आपले शटर ३ मीटर × २.५ मीटर, म्हणजे साडेसात चौरस मीटर. वजन झाले ९० किलो.

शटर खाली असताना त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सव्वा मीटरवर असतो. पूर्ण गुंडाळले की सगळे वजन अडीच मीटर उंचीवर जाते. म्हणजे गुरुत्वमध्य सव्वा मीटर वर गेला. त्यासाठी लागणारी ऊर्जा ९० × ९.८ × १.२५, म्हणजे सुमारे ११०० ज्यूल. सिमेंटची ५० किलोची गोणी सव्वादोन मीटर उंचीवरून खाली पडली तर जेवढी ऊर्जा सुटेल, तेवढी ही.

यातला अगदी थोडा भाग दुकानदाराचा हात देतो. बाकीची सगळी स्प्रिंग देते. शटर ज्या नळीवर गुंडाळले जाते, त्या नळीवर डब्यांमध्ये पोलादी पट्टीच्या गुंडाळलेल्या स्प्रिंगा बसवलेल्या असतात. काल रात्री दुकानदाराने शटर खाली ओढले तेव्हा नळी फिरली आणि स्प्रिंगांना पीळ बसला. म्हणजे खाली येणाऱ्या शटरची ऊर्जा वाया न जाता स्प्रिंगमध्ये जमा झाली. सकाळी तीच ऊर्जा परत मिळते. रात्री ठेव ठेवायची आणि सकाळी काढायची, असा हा रोजचा व्यवहार आहे.

यातली आणखी एक खुबी पाहा. शटर पूर्ण खाली असते तेव्हा लोंबणारे वजन सर्वांत जास्त आणि त्याच वेळी स्प्रिंगचा पीळही सर्वांत जास्त. शटर वर जाऊ लागले की पट्ट्या नळीवर गुंडाळल्या जातात, लोंबणारे वजन कमी होते आणि तेवढ्याच प्रमाणात स्प्रिंगचा पीळही उतरतो. दोन्ही बाजू जवळपास सारख्या कमी होत जातात, म्हणून चांगले बसवलेले शटर अर्ध्यावर सोडले तरी तिथेच थांबते. परदेशांतील घरांना मोठ्या फळ्यांची, छताखाली सरकत जाणारी गॅरेजची दारे असतात. त्यांची रचना वेगळी असली तरी दारावरच्या आडव्या दांड्यावर बसवलेली पिळाची स्प्रिंग हेच काम करते.

स्प्रिंगला हात का लावू नये

आता धोका कुठे आहे ते सहज दिसेल. शटर बंद असते तेव्हाच स्प्रिंग सर्वांत जास्त भरलेली असते. नळीवर गुंडाळलेल्या शटरची त्रिज्या १० सेंटिमीटर धरली, तर ९० किलो वजन तोलण्यासाठी स्प्रिंगांचा एकूण पीळ किती असेल? ३० सेंटिमीटर लांबीचा पाना लावून तो पीळ धरायचा, तर पान्याच्या टोकाशी ३० किलोचा जोर लावावा लागेल. हात निसटला की पाना उलटा फिरतो. मनगट, दात, डोळे, जे आड येईल त्यावर तो बसतो. शिवाय हे काम शिडीवर उभे राहून करायचे असते.

मग शटर वर नेऊन स्प्रिंग सैल केली तर? तेव्हा स्प्रिंगचा पीळ कमी होतो हे खरे, पण पूर्ण जात नाही. आणि ९० किलो वजन आपल्या डोक्यावर टांगलेले असते. ऊर्जा नाहीशी झाली नाही, ती स्प्रिंगमधून उंचीत गेली. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम इथे पाठ करण्याऐवजी डोळ्यांनी पाहता येतो.

म्हणून स्प्रिंग, तिचे डबे, नळीच्या टोकांचे बोल्ट आणि ब्रॅकेट यांना आपण हात लावायचा नाही. ते काम शटरच्या अनुभवी मिस्त्रीचे. घरच्या माणसाचे काम एवढेच की बिघाड वेळेत ओळखायचा. शटर अचानक जड लागू लागले, एका बाजूने तिरके चढू लागले, किंवा डब्यातून 'टण्' असा मोठा आवाज होऊन मग ते वर जाईना, तर बहुधा एखादी स्प्रिंग तुटली आहे असे समजावे. अशा वेळी चार माणसे लावून शटर उचलण्याचा प्रयत्न करू नये. ते वर गेलेच, तर त्याला तिथे धरून ठेवणारे काही उरलेले नसते.

धातूच्या अशा शटरांसाठी आय. एस. ६२४८ : १९७९ हे भारतीय मानक आहे. शाळेसाठी किंवा घरासाठी नवे शटर घेताना त्याची विचारणा करावी.

मोटार आली तरी

मोटार बसवली की स्प्रिंगची गरज संपते, असे अनेकांना वाटते. आपल्याकडच्या शटरांत दोन प्रकार दिसतात. एका प्रकारात मोटार नळीच्या मध्यभागी असते आणि दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा कायम राहतात. वजन स्प्रिंगा तोलतात, मोटार फक्त थोडा जोर लावते. दुसऱ्या प्रकारात मोटार एका बाजूला असते, साखळीने नळी फिरवते आणि सगळे वजन मोटार व तिचा ब्रेक यांच्यावर असते. आपल्या दाराचा प्रकार कोणता, हे बसवणाऱ्याकडून समजून घेऊन शटरच्या स्विचपाशी लिहून ठेवावे.

वीज गेली की काय करायचे, याचे उत्तर प्रकारानुसार बदलते. बाजूच्या मोटारीला हाताने ओढायची साखळी असते. मधल्या मोटारीला एक तार खाली सोडलेली असते. ती ओढली की ब्रेक सुटतो आणि शटर हाताने वर ढकलता येते. पण स्प्रिंग तुटलेली असेल आणि शटर वर असताना ब्रेक सोडला, तर ९० किलो लोखंड कोसळते. म्हणून नियम असा : ब्रेकची तार शक्यतो शटर पूर्ण खाली असतानाच ओढावी, आणि ते वर अडकले असेल तर खाली कोणी नाही याची खात्री होईपर्यंत तारेला हात लावू नये.

मधल्या मोटारीच्या शटरचा तोल तपासणे सोपे आहे. शटर पूर्ण खाली आणावे, मेन स्विच बंद करावा, तार ओढून ब्रेक सोडावा आणि शटर हाताने कमरेपर्यंत उचलून पाहावे. ते तिथे थांबले तर तोल ठीक. आपोआप खाली घसरले किंवा वर धावले तर स्प्रिंगचा पीळ बिघडला आहे. अशा शटरला मोटार काही दिवस ओढत राहील, पण तापून एक दिवस बंद पडेल. मोटार बंद पडली म्हणून लोक मोटार बदलतात. मूळ दोष स्प्रिंगमध्येच असतो. बाजूच्या मोटारीच्या शटरला मात्र ही परीक्षा करू नये.

दाराला दिसत नाही

हाताने शटर ओढणारा माणूस खाली मूल आले तर थांबतो. मोटारीला तसे कळत नाही. अमेरिकेत स्वयंचलित गॅरेज-दारांखाली लहान मुले सापडून मृत्यू पावल्याच्या घटना घडल्या. त्यानंतर १९९० साली तिथे कायदा झाला आणि १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या घरगुती दारांच्या यंत्रांना अडथळा ओळखून मागे फिरण्याची सोय सक्तीची झाली. दारावर दोन पहारेकरी आले. पहिला यंत्रातलाच : दार कशावर तरी टेकले की दोन सेकंदांच्या आत उलटे फिरले पाहिजे. दुसरा प्रकाशाचा : दाराच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला अवरक्त किरण सोडलेला असतो. तो तुटला की दार खाली येत नाही. हा 'डोळा' जमिनीपासून १५ सेंटिमीटरपेक्षा वर नसावा, कारण रांगणारे मूल त्यापेक्षा उंच किरणाखालून सहज जाऊ शकते.

आपल्याकडे शटर घेताना ही सोय आहे का, हे विचारूनच घ्यावे. असेल तर महिन्यातून एकदा तिची परीक्षा घ्यावी. दाराखाली सुमारे चार सेंटिमीटर जाडीची लाकडी फळी आडवी ठेवून दार खाली सोडावे. ते फळीवर टेकताच मागे फिरले पाहिजे. मग दार खाली येत असताना लांब काठीने किरण अडवून पाहावा. या परीक्षेसाठी हात, पाय किंवा मूल कधीही वापरू नये.

मुलांना सांगण्याच्या गोष्टी दोन. वर जाणाऱ्या शटरला लोंबकळायचे नाही, कारण मोटार थांबत नाही आणि बोटे वर गुंडाळीत ओढली जातात. आणि पट्ट्यांच्या सांध्यात बोट घालायचे नाही. मोठ्यांसाठी नियम एकच : दार डोळ्यांसमोर असेल तरच बटण दाबावे. घरात बसून, खिडकीतून हात बाहेर काढून रिमोट दाबण्याची सवय वाईट.

पाऊस, माती आणि कुंभारीण माशी

सह्याद्रीच्या पायथ्याला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. शटरचा मुख्य शत्रू तोच. सर्वांत आधी गंजते ती खालची पट्टी, कारण ओले पाणी आणि चिखल तिच्याशीच थांबतात. पावसाळ्याआधी ती घासून, गंजविरोधी रंग लावून घ्यावी आणि उंबऱ्यापाशी पाणी साठणार नाही असा उतार द्यावा.

बाजूच्या खाचा, ज्यांना मिस्त्री 'गाईड' म्हणतात, त्या कोरड्या फडक्याने आणि ब्रशने साफ कराव्यात. इथे घट्ट ग्रीस भरण्याची चूक सर्रास होते. आपली तांबडी माती ग्रीसमध्ये मिसळली की वंगणाचे काम होत नाही, उलट पट्ट्या घासणारा लेप तयार होतो. खाचांना कोरडे वंगण किंवा तेलाचा अगदी पातळ हात पुरे. ग्रीसची जागा बेअरिंगमध्ये.

अवरक्त डोळ्याच्या काचेवर कोळ्याचे जाळे किंवा चिखलाचा शिंतोडा आला तर दार खाली यायला नकार देते. कुंभारीण माशी तर कुलपाच्या भोकात आणि सेन्सरच्या खोबणीत मातीचे घर बांधते. 'मशीन बिघडले' म्हणून बोलावलेल्या मिस्त्रीला पुष्कळदा फडके फिरवण्यापलीकडे काही करावे लागत नाही. मात्र दार बंद होत नाही म्हणून सेन्सरच काढून टाकणे किंवा त्याच्या तारा जोडून त्याला गप्प करणे, हे पहारेकऱ्याला घरी पाठवण्यासारखे आहे.

विजेबाबत एक गोष्ट पक्की ठेवावी. ओल्या जमिनीवर उभे राहून आपण ज्याला हात लावतो ते अख्खे दार धातूचे आहे. मोटारीची आणि शटरच्या चौकटीची अर्थिंग चांगली हवी आणि त्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरला तुटणारे गळतीरोधक स्विच हवे. वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, वायरमनकडून ते तपासून घ्यावे. कोणतीही साफसफाई मेन स्विच बंद करूनच करावी. आणि स्विच बंद केल्यावरही स्प्रिंग भरलेलीच आहे, हे विसरू नये.

तीन ग्रॅमचे भांडार

आता रिमोटकडे वळू. आपल्याकडे शटरच्या रिमोटमध्ये बहुधा दोनपैकी एका प्रकारचा सेल सापडतो. पहिला '२३ ए' नावाचा, करंगळीच्या पेरापेक्षा थोडा लांब, १२ व्होल्टचा. एवढ्याशा नळीत १२ व्होल्ट कसे? तिच्या आत दीड व्होल्टचे आठ बटनसेल एकावर एक रचलेले असतात. ८ × १.५ = १२. दुसरा नाण्यासारखा चपटा, 'सीआर २०३२'. या नावातच त्याचे माप आहे : 'सी' म्हणजे लिथियम-मँगनीज डायऑक्साइड हा प्रकार, 'आर' म्हणजे गोल, २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. सीआर २०१६ ची जाडी किती असेल, हे विद्यार्थी आता स्वतः सांगतील. सेल बदलताना हा आकडा तंतोतंत तोच असावा. काही रिमोटमध्ये दोन सीआर २०१६ एकावर एक असतात. त्यांची एकूण जाडी एका २०३२ एवढीच, पण दाब ६ व्होल्ट.

सीआर २०३२ चा दाब ३ व्होल्ट आणि क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास. म्हणजे ०.२२ × ३६०० = ७९२ कूलोम विद्युतप्रभार; त्याला ३ ने गुणले की सुमारे २३७५ ज्यूल. वरच्या गणिताशी ताडून पाहा. ९० किलोचे शटर उचलायला ११०० ज्यूल लागले होते. जेमतेम तीन ग्रॅमच्या या नाण्यात त्याच्या दुपटीहून जास्त ऊर्जा आहे!

मग हा सेल स्प्रिंगसारखा उसळत का नाही? इथे ऊर्जा आणि शक्ती यांतला फरक शिकवता येतो. तुटलेल्या स्प्रिंगचे शटर अर्ध्या सेकंदात कोसळले तर ११०० ज्यूल अर्ध्या सेकंदात सुटले, म्हणजे सरासरी २२०० वॅट, जवळपास तीन अश्वशक्ती. नाणेसेल आपली ऊर्जा थेंबाथेंबाने देतो. रिमोटचे बटण दाबल्यावर तो काही मिलिअँपिअर प्रवाह क्षणभर देतो आणि अशी दोन-तीन वर्षे काढतो. स्प्रिंगचा धोका झटक्याचा, सेलचा धोका मुरणारा.

घर अनेक महिने बंद राहणार असेल तर रिमोटमधला सेल काढून ठेवावा. १२ व्होल्टच्या अल्कली सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असते. जुना सेल झिरपला की ते बाहेर येऊन पितळी पट्ट्यांवर पांढरी भुकटी जमते. ती उघड्या बोटांनी खरवडू नये. हातमोजा घालून, व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात किंचित भिजवलेल्या कापसाने पुसावी, मग स्वच्छ ओल्या कापसाने, आणि पूर्ण वाळल्यावरच नवा सेल घालावा. आम्लाने आम्लारीचे उदासिनीकरण होते, ही आठवीतली गोष्ट इथे उपयोगी पडते.

सेल गिळला तर

सर्वांत गंभीर भाग हा आहे. गणपतीत घर उघडते, रिमोट चालत नाही, कोणीतरी सेल बदलतो आणि जुना सेल पाटावर किंवा खिडकीत ठेवतो. घरात पाहुण्यांची लहान मुले असतात. चकचकीत नाणे तोंडात जायला वेळ लागत नाही.

खऱ्या नाण्याने जे होत नाही ते सेलने होते. २० मिलिमीटरचा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकतो. तिथे ओलावा आहे आणि शरीरातील द्रवांत क्षार आहेत, म्हणजे वीज वाहायला वाट मिळाली. सेलच्या ऋण अग्रापाशी पाण्याचे विद्युत अपघटन सुरू होते आणि हायड्रॉक्साइड तयार होते. सेल फुटावा लागत नाही, गळावा लागत नाही. तो ऊतींतील पाण्यापासूनच दाहक आम्लारी बनवतो. प्रवाह फक्त ५ मिलिअँपिअर धरला तरी दोन तासांत ३६ कूलोम वाहतात. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी फॅरेडेच्या नियमाने हिशेब करावा : सुमारे १५ मिलिग्रॅम कॉस्टिक सोड्याएवढी आम्लारी बोटाच्या टोकाएवढ्या जागेत तयार होते. दोन तासांत गंभीर भाजल्याची जखम होऊ शकते. पुढे अन्ननलिकेला भोक पडते, शेजारची श्वासनलिका किंवा मोठी रक्तवाहिनी सापडते आणि सेल काढल्यावरही जखम काही दिवस वाढत राहू शकते.

'संपलेला' सेलही निर्धोक नाही. रिमोट चालवायला अडीच व्होल्टच्या आसपास दाब लागतो. पाण्याचे अपघटन तत्त्वतः १.२३ व्होल्टला सुरू होते. रिमोटच्या दृष्टीने मेलेला सेल गळ्याच्या दृष्टीने जिवंत असतो.

मुलाने गिळताना कोणी पाहिलेले नसते. लाळ गळणे, खाणे नाकारणे, खोकला, उलटी, छातीत दुखणे अशी लक्षणे सर्दी-पडशासारखी वाटतात; कधी काहीच दिसत नाही. सेल जागेवर नाही आणि मूल जवळ होते, एवढ्यावरच रुग्णालय गाठावे आणि 'बटनसेल गिळल्याचा संशय आहे, एक्स-रे काढा' असे स्पष्ट सांगावे. एक्स-रेमध्ये सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसते, नाण्याला दिसत नाही.

उलटी करवू नये. केळे, भात, पाणी असे काही देऊ नये. मधाचा अपवाद आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मधाने जखमेची तीव्रता कमी होते असे आढळले. त्यावरून तिथल्या विषबाधा केंद्राचा सल्ला असा आहे : मूल एक वर्षाहून मोठे असेल, नीट गिळू शकत असेल, सेल गिळून १२ तास झाले नसतील आणि मध हाताशी असेल, तर रुग्णालयाच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी १० मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन चमचे, मध द्यावा, सहा वेळांपेक्षा जास्त नाही. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नये. मध आणायला दुकानात जाण्यात वेळ घालवू नये. मध हा उपचार नव्हे. उपचार एकच, दुर्बिणीने सेल बाहेर काढणे. सेल नाकात किंवा कानात गेला तरी घाई तेवढीच, आणि त्यात थेंब घालू नयेत.

दोन तास ही मुदत वैभववाडीसारख्या गावाला फार थोडी आहे. कणकवली-ओरोसच्या दिशेने जायचे की घाट चढून कोल्हापूरला, याची चर्चा त्या वेळी करायची नसते. पावसाळ्यात घाटात दरड आली तर वाट बदलावी लागते. लहान मुलाच्या अन्ननलिकेतून दुर्बिणीने वस्तू काढण्याची सोय आपल्याला सर्वांत जवळ कोठे आहे, याची चौकशी शाळेने आजच करून ठेवावी, तो दूरध्वनी क्रमांक कार्यालयात लावावा आणि पालकसभेत सांगावा. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत मिळते, हेही त्याच कागदावर असावे.

जगाने या धोक्याची दखल उशिरा घेतली. ऑस्ट्रेलियात जून २०२२ पासून बटनसेलच्या वस्तूंसाठी सक्तीची सुरक्षा मानके लागू झाली. अमेरिकेत ऑगस्ट २०२२ मध्ये कायदा होऊन सेलचा कप्पा लहान मुलाला उघडता येणार नाही असा असणे आवश्यक ठरले. आपण रिमोट घेताना एवढे पाहावे की कप्प्याला स्क्रू आहे. नुसत्या खाचेचे झाकण असेल तर त्यावर मजबूत चिकटपट्टी गुंडाळावी. काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना लगेच चिकटपट्टी लावावी, म्हणजे तो दुसऱ्या सेलला टेकून तापणार नाही. तो चुलीत, शेणकीत किंवा कचऱ्याच्या ढिगात टाकू नये. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या सेलांच्या संकलनाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. शाळेने झाकणाचा, मुलांच्या हाताला न लागणारा एक डबा ठेवून सेल जमवले आणि अधिकृत संकलकाकडे दिले, तर गावाची सोय होईल.

वर्गात करून पाहा

हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करायचा आहे. प्रयोगापूर्वी आणि नंतर सेल मोजावेत. हळद पाण्यात कालवून टिपकागदाला लावा आणि तो वाळवा. बटाट्याची एक चकती मिठाच्या पाण्यात भिजवून बशीत ठेवा, तिच्यावर हळदीचा कागद ठेवून तोही त्याच पाण्याने ओला करा. आता रिमोट चालवू न शकणारा एक सीआर २०३२ सेल ऋण बाजू, म्हणजे अधिक चिन्ह नसलेली बाजू, खाली करून कागदावर ठेवा. काही मिनिटांनी सेल चिमट्याने उचला. खालचा पिवळा कागद लालसर तपकिरी झालेला दिसेल आणि बारीक बुडबुडेही दिसतील. हळद लाल होणे ही आम्लारीची खूण. सेल कोठेही फुटलेला नाही, हे विद्यार्थ्यांना दाखवा.

मग त्यांना विचारा : ही आम्लारी आली कोठून? सेल 'संपलेला' होता, तर ऊर्जा कोणाची? आणि आपल्या घरात, शाळेत, गोठ्यात अशा आणखी कोणत्या वस्तू आहेत, ज्या बंद असतानाही रिकाम्या नसतात? इन्व्हर्टरची बॅटरी, गॅसची टाकी, माडावर लोंबणारा सुका नारळ, उतारावर उभी केलेली बैलगाडी. यादी मुले करतील. प्रत्येक वस्तूपुढे दोन गोष्टी लिहायला सांगा : ऊर्जा कोठे साठली आहे, आणि ती सोडण्याचा अधिकार कोणाच्या हाती असावा. शटरच्या स्प्रिंगपुढे 'मिस्त्री' आणि रिमोटच्या सेलपुढे 'घरातले मोठे माणूस' असे उत्तर वहीत आले, म्हणजे धडा पोहोचला असे समजायला हरकत नाही.